शब्दचर्चा : पेशीमृत्यू, पेशीगळ आणि दाहजनक मृत्यू

प्रश्न : प्रतिकारशक्ती या विषयावर मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी टिपणे तयार करत आहे. ‘ॲपॉप्टोसिस’ आणि ‘पायरॉप्टोसिस’ या दोन्हींसाठी ‘नियोजित पेशीमृत्यू’ असे लिहिले तर चालेल का? काही लेखांत ‘पेशींची आत्महत्या’ असेही वाचले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. (नाशिक)

उत्तर : एकच शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘नियोजित पेशीमृत्यू’ हे साऱ्या कुळाचे नाव आहे आणि आपण विचारलेले दोन्ही प्रकार त्यात येतात. पण शेजारच्या पेशींवर होणारा त्यांचा परिणाम अगदी उलट असतो.

‘ॲपॉप्टोसिस’ ही संज्ञा कर, वायली आणि करी या संशोधकांनी १९७२ साली वापरात आणली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानांचे किंवा पाकळ्यांचे गळून पडणे असा आहे. आपण नाशिकचे आहात, म्हणून द्राक्षबागेचेच उदाहरण देतो. ऑक्टोबरच्या छाटणीआधी इथेफॉन फवारून पानगळ करून घेतात, तेव्हा देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होतो आणि पान अलगद गळते. याउलट तोडून टाकलेल्या काडीवरचे पान वाळून कुरकुरीत झाले तरी तिला चिकटूनच राहते, कारण गळवण्याचे काम जिवंत वेलच करू शकते. ॲपॉप्टोसिसमध्येही पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून आक्रसते, तिच्या डीएनएचे तुकडे होतात, आवरण न फुटता तिची छोटी छोटी गाठोडी बनतात आणि भक्षकपेशी (मृत पेशी व जंतू गिळणाऱ्या पेशी) ती गिळून टाकतात. आसपास दाह, म्हणजे सूज-लाली, होत नाही. म्हणून ‘पानगळ’च्या धर्तीवर ‘पेशीगळ’ हा शब्द मी सुचवतो.

पायरॉप्टोसिसची सुरुवात बहुधा सूक्ष्मजीव ओळखला जाण्यापासून होते. भक्षकपेशी प्रत्येक जिवाणूला स्वतंत्रपणे ओळखत नाही. अनेक जिवाणूंमध्ये समान असलेले घटक, उदाहरणार्थ त्यांच्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन हे प्रथिन, तिचे ग्राही (ओळख पटवणारी प्रथिने) ओळखतात. असा घटक थेट पेशीद्रवात सापडला की तेथील संवेदक प्रथिने एकत्र येऊन ‘इन्फ्लमासोम’ नावाचा संच उभा करतात. त्यातून कॅस्पेज-१ हे विकर (एन्झाइम) जागे होते, ते गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचे दोन तुकडे करते, त्यांपैकी एक तुकडा पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतो आणि पेशी फुगून फुटते. आत लपलेल्या जिवाणूचा आसरा जातो आणि बाहेर पडलेले इंटरल्यूकिन-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन आणखी पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावते. येथे शेजाऱ्यांना सावध करणे हाच मृत्यूचा उपयोग आहे.

‘आत्महत्या’ हा शब्द मात्र टाळावा. त्यात हताशपणाची छटा आहे आणि ज्या सूक्ष्मजीवामुळे हे सारे घडले, तो त्या शब्दातून पूर्णपणे गळून जातो.

पुरवणी प्रश्न : आभारी आहे. मग पायरॉप्टोसिसला ‘दाहमृत्यू’ म्हणावे का?

उत्तर : ‘पायरो’ म्हणजे अग्नी आणि आपला ‘दाह’ही जळण्याशीच जोडलेला, त्यामुळे शब्द अर्थाला धरून आहे. परंतु वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो भाजून आलेला मृत्यू वाटेल. त्यापेक्षा ‘दाहजनक पेशीमृत्यू’ थोडा लांब असला तरी निःसंदिग्ध आहे. ‘नेक्रोसिस’साठी, म्हणजे इजेमुळे ओढवणाऱ्या पेशीमृत्यूसाठी, ‘ऊतकमृत्यू’ वापरात आहेच, तो तसाच ठेवावा.

या काटेकोरपणाची गरज खुद्द संशोधकांनाही पडली आहे. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेला जिवाणूमुळे भक्षकपेशी मरतात, हे १९९२ साली नोंदवले गेले तेव्हा त्या मृत्यूला ॲपॉप्टोसिसच म्हटले होते. तो कॅस्पेज-१ वर अवलंबून असलेला दाहजनक प्रकार आहे हे लक्षात आल्यावर २००१ मध्ये ‘पायरॉप्टोसिस’ ही वेगळी संज्ञा पुढे आली. आपल्या टिपणांत हे उदाहरण अवश्य घ्यावे.