प्रौढांच्या इंग्रजी वर्गाला शिक्षक निवडताना प्रमाणपत्र हवंच का?

खडू_फळा:
प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेत शिक्षक निवडण्याचं काम मी करतो. 'इंग्रजी फर्डं आहे, शिकवता येईलच' या भरवशावर बरेच अर्ज येतात. मी मुलाखतीत एकच प्रश्न विचारतो: विद्यार्थी 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' म्हणाला, तर काय सांगाल? परवा एकाने उत्तर दिलं, "कानाला खटकतं." खटकतं हे खरंच. पण विद्यार्थ्याचा कान अजून तयार व्हायचाय, म्हणून तर तो आलाय! 'यस्टरडे' म्हणजे संपलेली वेळ, तिच्याबरोबर 'हॅव सीन' चालत नाही, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.
माझं मत: केंब्रिजचं सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्टटेसॉल, यांपैकी इंग्रजी शिकवण्याचं एकही प्रमाणपत्र नसेल तर वर्ग देऊ नये. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, आणि मागे बसलेला प्रशिक्षक चुका टिपत असतो. एकही विद्यार्थी न पाहता घरबसल्या मिळणारी प्रमाणपत्रं मी धरत नाही.

शेवटचा_बाक:
साफ असहमत. सेल्टा म्हणजे १२० तासांचा अभ्यासक्रम, पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे. त्यात शिकवणं किती, तर तुम्हीच सांगितलेले सहा तास. तेवढ्यावर कालचा पोरगा लायक, आणि दहा वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाई नालायक?

खडू_फळा:
नालायक कुठे म्हटलं? पण शाळेतली मुलं कंटाळली तरी तास संपेपर्यंत बसतात. दिवसभर राबून आलेला माणूस कंटाळला की दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. बाईंनी प्रौढांसमोर दोन तास घेऊन दाखवावेत, मी मागे बसतो. आवडले तर प्रमाणपत्र नंतर करतील.

शेवटचा_बाक:
म्हणजे अट सुटली! मग धागा कशाला काढलात?

मुळाक्षर:
अवांतर: इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक ठेवला की प्रवेश वाढतात, हे कुणी बोललंच नाही. मातृभाषिक तोच सगळ्यात चांगला शिक्षक, हा त्यामागचा समज. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्येच त्याला भ्रम म्हटलं होतं. ज्याने ती भाषा धडपडत शिकलीय त्याला अडखळण्याच्या जागा आधीच दिसतात. सर्टटेसॉलमध्ये भावी शिक्षकांना काही तास चक्क अनोळखी भाषेच्या वर्गात बसवतात, नवशिक्याची तारांबळ कळावी म्हणून. मला तर त्या अभ्यासक्रमातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

रात्रवर्ग:
मी विद्यार्थी, वय पंचेचाळीस. नऊ महिन्यांत चार शिक्षक झाले, चौघेही प्रमाणपत्रवाले. शिकवायचे बरे, खोटं कशाला बोलू. पण नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी 'ओळख करून द्या, छंद सांगा'. माझा छंद आता अख्ख्या वर्गाला पाठ आहे. मी कुठे चुकतो ते मात्र कुणालाच ठाऊक नाही, कारण ते कळेपर्यंत शिक्षक बदललेला असतो.

तासिकावाली:
का बदलतो ते मी सांगते, कारण मी तीच सोडून जाणारी. पैसे वर्गातल्या तासाचे. तयारी, निबंध तपासणं, पातळी ठरवायच्या चाचण्या, सगळं फुकट. बॅच भरली नाही की तास कापले. प्रमाणपत्राला माझ्या खिशातून पैसे गेले आणि त्याचा उल्लेख संस्थेच्या माहितीपत्रकात झळकला. नवख्याच्या वर्गात येऊन बसणारा, डेल्टासारखी पुढची पात्रता असलेला एक अनुभवी माणूस हवा. आमच्याकडे होता, तो दिवसभर वेळापत्रकच जुळवत बसायचा.

खडू_फळा:
तयारीच्या पैशांचा मुद्दा मी टाळला होता, कबूल. मी निवड करतो, पगार ठरवत नाही.

शेवटचा_बाक:
वा! म्हणजे अटी तुम्ही घालायच्या आणि पैशांचं मात्र वरच्यांना विचारायचं.

रात्रवर्ग:
तुमचं चालू द्या. सोमवारी आमचे पाचवे येतायत. या वेळी छंद बदलून सांगणार आहे.