कुत्र्यांचे जुने इंग्रजी सिनेमे मुलांना दाखवावेत का?

कसब्यातली_मावशी:
काल इथे एकांनी लिहिलं की कुत्र्यांचे जुने सिनेमे म्हणजे मुलांना रडवायचा धंदा. आता संगणकावर हवा तसा कुत्रा तयार करता येतो, मग ती मढी कशाला उकरायची? रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेच.

‘लॅसी कम होम’ १९४३ चा. यॉर्कशरमधल्या गरीब घराला कुत्री विकावी लागते, नवा मालक तिला स्कॉटलंडला नेतो, ती पळते आणि पायी घर गाठते. गोष्ट एवढीच. पण नदी ओलांडतानाचा प्रसंग बघा. कुत्रं पाण्यातून बाहेर आलं की आधी अंग झटकतं. ही झटकत नाही. ओल्या केसांचं ओझं घेऊन कशीबशी काठावर येते आणि पुढच्या पायांवर डोकं टाकून पडते. माझ्या सहा वर्षांच्या नातीने तिथे माझा पदर घट्ट धरला. लॅसी दमलीय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुत्रा बोलत नाही म्हणूनच मूल त्याचे कान, शेपूट, चाल बघायला शिकतं. आजचा संगणकातला कुत्रा भुवया उडवून सगळं स्वतःच सांगून टाकतो, मग मुलाला बघायला उरतं काय?

बे_एरियावाला:
तो एकजण मीच. शब्द मागे घेत नाही. मुळात तुमची लॅसी ‘ती’ नव्हतीच, पॅल नावाचा नर होता. अंग झटकलं नाही कारण रड वेदरवॅक्स या ट्रेनरने तसं शिकवलं होतं. त्या शॉटसाठी जिवंत जनावर कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन नदीत उतरवलं, याला तुम्ही माया म्हणता? २०२० च्या ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मधला बक हा कुत्रा संगणकावरचा आहे. सेटवर हॅरिसन फोर्डसमोर टेरी नोटरी हा माणूस कुत्र्याच्या हालचाली करत होता. कुठल्याही जनावराला त्रास नाही.

कसब्यातली_मावशी:
सोंग तर निळू फुल्यांचंही होतं, तरी माझी आई पडद्याकडे बघून त्यांना शिव्या घालायची. सोंग आहे म्हणून खोटं ठरत नाही. आणि फोर्डसमोर माणूस रांगत होता, हे तुम्हीच सांगितलंत. मग मूल जे बघतं तो कुत्रा कुठे आहे?

लालमाती:
मला राग वेगळ्याच सिनेमाचा आहे. ‘ओल्ड येलर’, १९५७, डिस्नेचा. नऊ वर्षांचा असताना काकांनी कॅसेट आणली, डिस्नेचं नाव बघून सगळी पोरं बसवली. शेवटी त्यातला मुलगाच आपल्या पिसाळलेल्या कुत्र्याला गोळी घालतो! शेतावर आमचा काळ्या होता, त्यानंतर महिनाभर मी त्याच्याजवळ गेलो नाही. तो शेपूट हलवत यायचा आणि मी घरात पळायचो. लस द्यायची सोडून गोळी? हा कुटुंबाने बघायचा सिनेमा?

गुरांचा_डॉक्टर:
कुठली लस? गोष्ट टेक्सासमधली, १८६० च्या दशकातली. पाश्चरने माणसाला पहिल्यांदा लस दिली १८८५ साली. येलरने घराला वाचवताना पिसाळलेल्या लांडग्याशी झुंज दिलेली असते. आई लगेच मारायला सांगते, तर मुलगा हट्टाने त्याला मक्याच्या कोठीत कोंडून वाट बघतो. एका रात्री येलर त्याच्यावरच गुरगुरतो, आणि धाकटा भाऊ त्या कोठीचं दार उघडायला निघालेला असतो. लक्षणं सुरू झाल्यावर आजही जवळपास कुणी वाचत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलाने केलं ते बरोबरच होतं.

सातवा_मजला:
रेबीजचा विषय निघालाच आहे तर बोलते. आमच्या गेटवर रोज पोळ्या टाकणारी मंडळी आहेत. मार्चमध्ये माझ्या मुलाला पोटरीला चावा बसला. पोळ्या टाकणारं एकही माणूस दवाखान्यात सोबत आलं नाही. वर शेजारच्या आजी म्हणाल्या, मिरची भरा. कुत्र्यांचे गोड सिनेमे बघूनच लोकांना हे प्रेम सुचतं!

मोतीचा_दादा:
ताई, मी पोळ्या टाकणाऱ्यांपैकीच. पण आमच्या गल्लीतली अकराच्या अकरा कुत्री मी स्वतः पकडून नसबंदीला आणि लसीला नेली आहेत. हाताला तीन टाके पडलेत. सरसकट बोलू नका.

सातवा_मजला:
तुमच्या गल्लीत तुम्ही आहात. आमच्या गल्लीत कोण आहे?

गुरांचा_डॉक्टर:
दोघंही थांबा, आधी हे वाचा. मिरची, चुना, हळद काहीही भरायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) लागतं, ते मागून घ्या. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात चार-पाच. त्या चौदाच्या धास्तीने लोक अजून चावा लपवतात. माझ्या सख्ख्या मामाने लपवला. आम्हाला कळलं तेव्हा त्याला पाणी गिळता येत नव्हतं.

लालमाती:
डॉक्टर, हे मला नवव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर काळ्यापासून पळालो नसतो. सिनेमा संपला आणि काका उठून चहाला गेले. माझा राग बहुतेक त्याचाच आहे.

मोतीचा_दादा:
सातव्या मजल्याच्या ताईंना एवढंच सांगतो. येलरचं काम करणारा स्पाइक आणि १९७४ चा ‘बेंजी’ करणारा हिगिन्स, दोघेही निवारागृहातून आणलेले, कुणालाही नको असलेले. ‘बेंजी’ मोठ्या कंपन्यांनी घेतला नाही, तेव्हा दिग्दर्शक जो कॅम्प याने स्वतःच थेटरांत लावला आणि तो तुफान चालला. त्यात कॅमेरा बराच वेळ जमिनीलगत आहे. माणसांचे नुसते पाय दिसतात, आणि कुठला पाय लाथ मारेल याचा अंदाज तो कुत्रा घेत असतो. आमच्या गल्लीतली कुत्रीही तेच करतात. मुलाला तो दाखवून बघा.

सातवा_मजला:
मुलगा अजून कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडतो. आत्ता नाही. घाव भरला की बघू.

बे_एरियावाला:
मावशी, काल रात्री मुलासोबत नदीचा प्रसंग लावला. “बाबा, तिने अंग का नाही झटकलं?” हे त्यानेच विचारलं, मी काही बोललो नव्हतो. एवढं मान्य. पण जिवंत कुत्रा नदीत उतरवू नये, यावर मी ठाम आहे. आज कुणी तसं केलं तर मी तिकीट काढणार नाही. जुना आहे तो दाखवीन. येलर नाही.

कसब्यातली_मावशी:
येलर दहा वर्षांनंतर. आणि संपल्यावर चहाला उठायचं नाही.