अनुभव धागा : लिस्बनहून एका दिवसात पोर्तुगालचा किनारा

पोर्तुगालला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या मुक्कामात लिस्बनचे तीन-चार दिवस हमखास असतात आणि त्यांतला एक दिवस समुद्रासाठी राखावा, असे जो तो सांगतो. मात्र कोणता किनारा निवडावा आणि वाटाड्यासोबत जावे की आपले आपण, याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले मला जाण्यापूर्वी सापडले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. सिंत्रामार्गे काबु दा रोका आणि कश्काइश, तेजु नदीपलीकडचा अर्राबिदाचा डोंगर, उत्तरेकडचे नाझारे किंवा थेट दक्षिणेचा आल्गार्व, यांपैकी कोठेही आपण वाटाड्यासोबत एक दिवस घालवला असेल, तर कृपया लिहावे. ठिकाणांची यादी पुस्तकांत मिळते. वाटाड्याने असे काय दाखवले की जे एकट्याने गेल्यास नजरेतून सुटले असते, ते वाचण्याची मला उत्सुकता आहे. जे बिनसले, तेही मोकळेपणाने लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. मे महिन्यात मी आणि आई आठ जणांच्या छोट्या गाडीतून काबु दा रोकाला गेलो. युरोपच्या मुख्य भूमीचे हे सर्वांत पश्चिमेकडचे टोक. कडा सुमारे १४० मीटर उंच असून त्यावर अठराव्या शतकात उभारलेले दीपगृह आहे. सगळे जण दगडी स्तंभापाशी छायाचित्रे काढण्यात गुंतले असताना आमची वाटाडी पायवाटेच्या कडेला खाली बसली आणि जमिनीवर गालिच्यासारखी पसरलेली, पिवळ्या व गुलाबी फुलांची एक वेल तिने मुळासकट उपटली. तिचे जाड, तीन धारांचे पान तिने नखाने मोडले, तेव्हा आतून पाणी ठिबकले. वाळू धरून ठेवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतून आणलेली ही वनस्पती आता कड्यावरची मूळची खुरटी झुडपे झाकून टाकते, म्हणून ती काढण्याचे काम अनेक ठिकाणी चालू असते, असे तिने सांगितले. तोवर आम्ही दोघी त्याच फुलांना ‘किती सुंदर’ म्हणत होतो. आईला आपल्याकडची घाणेरी आठवली. तीही बागेतली शोभेची म्हणून आली आणि रानभर पसरली.

पुढे गिंशुच्या किनाऱ्यावर वारा इतका होता की वाळूचे कण गालांना टोचत होते. तेथे टेकाडांवर काटक्या विणून केलेली बुटकी कुंपणे दिसली. ती माणसांना अडवण्यासाठी असावीत, असे वाटले होते. प्रत्यक्षात वाऱ्याने उडणारी वाळू अडून तिचे टेकाड पुन्हा वाढावे, म्हणून ती लावलेली आहेत. या दोन गोष्टींसाठी मी त्या वाटाडीची ऋणी आहे. एक सूचना मात्र आवर्जून करते. सिंत्रातल्या पेना राजवाड्याचे आतले दर्शन ज्या सहलीत असते, ती किनाऱ्यासाठी घेऊ नये. आमचे जवळजवळ दोन तास राजवाड्याच्या रांगेत गेले आणि कश्काइशला जेमतेम पाऊण तास उरला.

* * *

ताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी नाझारेविषयी लिहितो.

आमचे मूळ घर हर्णै बंदराजवळचे, त्यामुळे समुद्राचे मला फारसे अप्रूप नाही, असा माझा समज होता. नाझारेला मी गेलो तो त्या प्रसिद्ध लाटा पाहायला. सिचियु नावाच्या वरच्या गावातून, सुमारे ११० मीटर उंचीच्या कड्यावरून खाली पाहिले, तेव्हा जूनचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत होता आणि माझा विरस झाला. या लाटा ऑक्टोबर ते मार्च या काळातल्या, आणि तेव्हाही त्या रोज येत नाहीत, हे मी आधी वाचायला हवे होते.

आमच्या वाटाड्याने माझा चेहरा ओळखला असावा. दीपगृह असलेल्या किल्ल्यात त्याने आम्हाला समुद्रतळाच्या नकाशासमोर उभे केले आणि बोट फिरवत समजावले. नाझारेसमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे, सुमारे २३० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी जवळजवळ ५,००० मीटर खोल, आणि तिचे तोंड थेट किनाऱ्याजवळ येऊन थांबते. अटलांटिकवरून आलेली लाट उथळ तळावर मंदावते, मात्र दरीवरून येणारा तिचा भाग वेग न गमावता पुढे येतो आणि वळतो. प्राइया दु नोर्त या किनाऱ्यासमोर हे दोन भाग एकमेकांवर चढतात आणि त्यातून ती भिंत उभी राहते. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन स्टॉइटनर हा जर्मन सर्फर येथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर स्वार झाला, आणि ती लाट गिनीजच्या नोंदीत गेली. किल्ल्याच्या कठड्याला टेकून मी त्या शांत पाण्याकडे पुन्हा पाहिले, तेव्हा मात्र ते पूर्वीसारखे दिसले नाही.

खरा ठेवा खालच्या किनाऱ्यावर होता. १८८९ पासून चालू असलेल्या तारेच्या रेल्वेने आम्ही खाली उतरलो. वाळूवर लाकडी चौकटींना जाळी ठोकून त्यावर मासे वाळत घातलेले होते. पोटातून चिरून पुस्तकासारखे उघडलेले, मिठाच्या पाण्यातून काढलेले, बांगड्याच्या तोंडवळ्याचे कारापाऊ आणि शेजारी लहान सार्डिन. वास ओळखीचा होता. आमच्याकडे बोंबील वलांडीवर टांगतात आणि जवळा खळ्यात पसरतात. इथे चौकट आडवी, एवढाच काय तो फरक. डोक्याला रुमाल बांधलेली, थरांवर थर घातलेला आखूड घागरा नेसलेली एक आजी मासे उलटत होती. हे सात घागरे नाझारेच्या कोळिणींची ओळख आहेत. माझी आजीही खारवलेला बांगडा असाच उलटत असे, हे मी वाटाड्याकरवी तिला सांगितले. तिने हातातला मासा माझ्यापुढे धरला, अंगठ्याने शेपटीजवळ दाबून दाखवले आणि मान हलवली. अजून ओलसर आहे, आज काढायचा नाही. आजीही नेमके तेथेच दाबून पाहत असे. मी तेथून हललो, तो वाटाड्याने दोनदा हाक मारल्यावर.

* * *

आल्गार्वमधल्या बेनाजिलच्या गुहेसाठी लिस्बनहून एका दिवसात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जाण्यायेण्यात सहा तास बसमध्ये गेले. दुपारी समुद्र खवळल्यामुळे होडी रद्द झाली, आणि पैशांपैकी निम्मेच परत मिळाले. होडी रद्द होणे हा कोणाचा दोष नाही, परंतु हवामानाचा इशारा आदल्या दिवशीच आलेला होता आणि आयोजकांनी तो आम्हाला सकाळी सांगितला असता, तर आम्ही दुसरा पर्याय निवडला असता. आरक्षण करताना रद्द झाल्यास काय, हे लेखी विचारून घ्यावे. शिवाय २०२४ पासून गुहेत पोहत जाण्यास आणि आतल्या वाळूवर उतरण्यास मनाई आहे, त्यामुळे जुनी छायाचित्रे पाहून बेत आखू नये.

तरीही एक चांगली गोष्ट घडली. होडी नाही म्हटल्यावर आमच्या वाटाड्या बाईंनी आम्हाला प्राइया दा मारिन्यावरून कड्यावरच्या पायवाटेने तासभर चालवत नेले. तेथील पिवळ्या-तांबूस चुनखडीच्या कड्यात त्यांनी हाताच्या उंचीवर शिंपल्यांचे थर दाखवले. आपण उभे आहोत तो कडा कधीकाळी समुद्राचा तळ होता, हे बोटाने चाचपून कळते. ज्यांना आल्गार्व पाहायचे आहे, त्यांनी लागुशला दोन रात्री राहावे.

* * *

वडील ७६ वर्षांचे आहेत आणि काठी वापरतात, म्हणून थोडक्यात माहिती देते. कश्काइशचे पदपथ लहान गुळगुळीत दगडांचे असून पाऊस पडला की ते घसरडे होतात. जाड तळाची पादत्राणे हवीतच. बोका दु इन्फेर्नु येथे लाट कमानीतून आत शिरून उसळते, ते दृश्य वरच्या सज्जातूनही नीट दिसते, खालच्या पायऱ्या उतरण्याची गरज नाही. आमच्या वाटाड्याने गाडीत घडीची खुर्ची ठेवली होती. आरक्षणाच्या वेळी वय आणि काठी यांचा उल्लेख केल्यामुळे ती मिळाली.

* * *

मी गेली सहा वर्षे लिस्बनमध्ये राहते, म्हणून वाटाड्यासोबत जावे की आपले आपण, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. कश्काइशला वाटाड्याशिवाय सहज जाता येते. काइश दु सोद्रे स्थानकावरून आगगाडीने सुमारे ४० मिनिटे लागतात आणि तेथून काबु दा रोकाला बस मिळते. अर्राबिदाचे तसे नाही. डोंगरातला रस्ता अरुंद आहे, बस तुरळक आहेत आणि उन्हाळ्यात खासगी गाड्यांवर निर्बंध असतात, त्यामुळे तेथे वाटाड्याची गाडीच सोयीची.

पुण्याहून सासूबाई आल्या, तेव्हा आम्ही तीच सहल घेतली. त्या शाकाहारी असून चीज खात नसत, कारण ते वासराच्या जठरातल्या पदार्थाने विरजतात, असे त्यांनी वाचलेले होते. अझैतांव गावातल्या दुकानात वाटाड्याने त्यांच्यासमोर एका वाटीत वाळलेले जांभळट तंतू ठेवले. ते एका काटेरी रोपाच्या फुलाचे होते. तेथील मेंढीच्या दुधाचे चीज परंपरेने या फुलाच्या पाण्यानेच विरजतात. सासूबाईंनी तंतू चिमटीत धरून वास घेतला, दोनदा विचारून खात्री केली आणि मगच चमचा उचलला. हे चीज सुरीने कापत नाहीत. वरचे साल झाकणासारखे काढून आतला मऊ भाग चमच्याने खातात. चव किंचित कडसर लागते, आणि ती त्यांना आवडली.

त्याच गावात निळ्या-पांढऱ्या फरशा हाताने रंगवणारा कारखाना आहे आणि आमच्या सहलीत प्रत्येकाला एक फरशी रंगवायला दिली होती. न भाजलेल्या झिलईचा थर खडूच्या भुकटीसारखा असतो. कुंचला टेकताच तो रंग पिऊन टाकतो, आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. रांगोळीत मुरलेल्या सासूबाईंनी हात न उचलता एक वेल काढली, तेव्हा तेथील कारागीर बाई काम थांबवून पाहू लागल्या. रंगवताना करडा दिसणारा तो रंग भट्टीतून निळा होऊन येतो. फरशी तीन आठवड्यांनी टपालाने आली.

किनाऱ्याचे सांगायचे राहिले. डोंगराच्या माथ्यावरून खाली पोर्तिन्यु दा अर्राबिदाचे हिरवट पाणी आणि समोर त्रोइयाची पांढरी वाळूची पट्टी दिसते. पश्चिम किनाऱ्यावर वारा आणि उसळत्या लाटा असतात, तर इथे पाणी तळ्यासारखे निवांत. या किनाऱ्याचे तोंड दक्षिणेला आहे आणि उत्तरेचा वारा डोंगर अडवतो, म्हणून हा फरक. पाणी मात्र ऑगस्टमध्येही थंड असते. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पुढची जागा मागून घ्यावी.

* * *

सिंत्रातून कोलारिशकडे जाताना उजव्या-डाव्या बाजूंना जुन्या बागांच्या भिंती लागतात, त्यांत किंता दा पेन्या वेर्दे ही बाग आहे. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रु, जो १५४८ मध्ये गोव्यात वारला, त्याची ही बाग. प्रभास-सोमनाथचा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, विक्रम संवत १३४३ चा संस्कृत शिलालेख येथे आणला गेला आणि अभ्यासकांमध्ये तो सिंत्रा प्रशस्ती म्हणून ओळखला जातो. बाग खासगी असल्यामुळे गाडी तेथे थांबत नाही. मी आधी सांगून ठेवल्यामुळे वाटाड्याने वेग कमी केला आणि फाटक दाखवले, एवढेच. पण लिस्बनजवळच्या त्या भिंतीआड सोमनाथचा दगड गेला होता, हे मनात घेऊन पुढचा समुद्र पाहिला.

* * *

मी फोंड्याची. वर सर्वांनी काय पाहिले ते लिहिले आहे, मी न दिसलेल्या समुद्राविषयी लिहिते.

जुलैमध्ये काबु दा रोकाला पोहोचलो, तेव्हा धुके इतके दाट होते की दीपगृहाचा लाल माथा तेवढा मधूनच दिसे. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचे थंड पाणी वर येते आणि त्यावरची ओली हवा थंड होऊन तिच्यातल्या वाफेचे धुके बनते, असे वाटाड्याने सांगितले. तो सत्तरीचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. गाडीत कोणाला तरी काच खाली करायला सांगताना त्याने ‘जानेला’ हा शब्द वापरला आणि मी चमकून वर पाहिले. माझी आजी खिडकीला जनेलच म्हणायची.

स्तंभावर कामोंइशच्या महाकाव्यातली ओळ कोरली आहे. जमीन संपते आणि समुद्र सुरू होतो ती जागा हीच, असा तिचा आशय. हा कवी १५५३ मध्ये गोव्यात आला होता आणि वास्को द गामाच्या सफरीवरचे त्याचे काव्य १५७२ मध्ये लिस्बनला छापले गेले. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात त्याचा पुतळा मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, हातात पोथी धरलेला. ते वाटाड्याला सांगितल्यावर त्याने ती ओळ आधी पोर्तुगीजमध्ये म्हटली आणि मग मला माझ्या भाषेत म्हणायला सांगितले. मी कोंकणीत म्हटली. इतर प्रवाशांना अर्थ कळला नाही, तरी कोणी हलले नाही. धुक्यात दोन पावलांपलीकडचा कठडासुद्धा दिसत नव्हता, फक्त खालून, बरेच खोल, पाणी खडकावर आदळल्याचा आवाज येत होता. त्याने तोंडावर बोट ठेवले आणि आम्ही सगळे तो ऐकत उभे राहिलो, पुढची बस येईपर्यंत.