‘आक्षेप’ कोणाचा? आणि ‘संमती’ कोणाची?

प्रश्न : लातूरकडील एका नातेवाइकाच्या मानसिक आजारावरील उपचारांसाठीचे संमतिपत्र घरच्यांना समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली. घरात सगळे ‘करंट देणार’ असे म्हणत होते, कागदावर ‘विद्युत-आक्षेपी उपचार’ (इंग्रजीत ‘ईसीटी’) असे छापले होते आणि ते ऐकून मामींनी विचारले, “आक्षेप कुणी घेतला म्हनं?” योग्य शब्द कोणता?

उत्तर : मामींची शंका रास्त आहे. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. ज्या वातव्याधीत हातपाय झटक्याने फेकले जातात, तिला आयुर्वेदात ‘आक्षेपक’ म्हणतात, आणि तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे, हरकतीचा नव्हे. शब्द बोजड असला तरी ‘करंट’पेक्षा अचूक आहे, कारण या उपचारात महत्त्व विजेला नसून तिने मेंदूत उठणाऱ्या आकडीला आहे. हंगेरीतील मनोविकारतज्ज्ञ मेडुना यांनी १९३४ मध्ये कापराच्या साहाय्याने अशी आकडी आणली होती; सेर्लेटी आणि बिनी या इटालियन डॉक्टरांनी रोममध्ये वीज वापरली ती १९३८ मध्ये.

बोलताना मात्र मी ‘भूल देऊन विजेचा उपचार’ असे म्हणेन. यातील ‘भूल देऊन’ हे शब्द गाळू नयेत; मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे. ‘शॉक’ या शब्दात हा भेद बुडून जातो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जुन्या चित्रपटांतील तडफडणारा रुग्ण उभा राहतो.

पुरवणी : माझ्या मते खरा घोळ ‘परवानगी’ या शब्दाने होतो. आपल्याकडे सहीच्या प्रत्येक कागदाला परवानगीच म्हणतात. परवानगी अधिकारी देतो, संमती ज्याच्या देहावर उपचार व्हायचा तो देतो, आणि तीही नीट समजून घेतल्यावरच. कायद्याने हे दोन्ही शब्द वेगळे राखले आहेत : अठरा वर्षांखालील मुलांना हा उपचार मुळात निषिद्ध आहे, आणि मनोविकारतज्ज्ञास तो आवश्यकच वाटला, तर पालकाची माहितीपूर्ण संमती व मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी ही दोन्ही लागतात.

‘तातडी’ हा शब्दही जपून वापरावा. याच कायद्याच्या कलम ९४ मध्ये तातडीच्या उपचारांची मुभा आहे, परंतु हा उपचार त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. त्यामुळे “अर्जंट आहे, आधी सही करा” असे कोणी म्हटले, तर मामींनी खुशाल आक्षेप घ्यावा.