विषय: अलास्का क्रूझ – ड्रिंक पॅकेज घ्यायचं का?

प्रेषक: प्रसाद

नमस्कार मंडळी,

आपल्या 9 ऑगस्टच्या क्रूझसाठी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या साइटवर डीलक्स बेव्हरेज पॅकेज (रोजचे ठरलेले पैसे भरून दारूसकट सगळी पेयं) आज माणशी, दिवसाला 80 डॉलर दिसतंय. परवा जास्त होतं, त्यामुळे माझं बोट खरेदीच्या बटणावर आहे. मी घेतो, रश्मी थेंबही घेत नाही. आईबाबा शेजारच्या केबिनमध्ये, त्यांचं चहावर भागतं. मुलांना सोडा (कोक वगैरे) हवा. आधी जाऊन आलेल्यांनी सांगा, परवडतं का?

– प्रसाद

प्रेषक: नितीन

डोळे मिटून घे रे. सुट्टीवर जाऊन ग्लासागणिक हिशोब करायचा तर घरी बसलेलं काय वाईट? सकाळी कॅपुचिनो, डेकवर पाण्याची बाटली, दुपारी बिअर, संध्याकाळी दोन कॉकटेल, रात्री जेवताना वाइन. कार्ड दाखवायचं की झालं. आम्ही दोघंही घेतो, त्यामुळे आमचं ठरलंय.

– नितीन

प्रेषक: सुनंदा

प्रसाद, थांब जरा. डोळे उघडे ठेवून घ्यायची वस्तू आहे ही. (मंडळाची खजिनदार आहे, मला राहवणार नाही.)

एक तर 80 म्हणजे 80 नाहीत. पैसे भरताना त्यावर 18 टक्के सर्व्हिस चार्ज चढतो, म्हणजे 94 डॉलर 40 सेंट. सात रात्रींचे 660 डॉलर 80 सेंट. जहाजावर कॉकटेल साधारण 14 डॉलरला, 18 टक्के धरून साडेसोळा. म्हणजे पैसे वसूल व्हायला रोज जवळजवळ सहा कॉकटेल हवीत. रोज म्हणजे ज्युनोला दिवसभर व्हेल बघत हिंडाल त्या दिवशीसुद्धा. अलास्कात बंदरांचे दिवस बरेच. ज्युनोला उतरून तिथलीच अलास्कन अंबर बिअर मागवलीत तर ती खिशातूनच, पॅकेज जहाजावर राहिलं. कॅरिबियन बेटांच्या सफरीत समुद्रावरचे दिवस जास्त असले तर गणित थोडं बदलतं, इथे नाही.

आता तुझा खरा अडसर. एका केबिनमधल्या, 21 पूर्ण झालेल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या बाकी मोठ्यांनाही घ्यावं लागतं. नाहीतर एकाच्या कार्डावर अख्खं घर प्यायलं असतं. तेव्हा रश्मीचेही 660 तुझ्याच ग्लासात. तुला एकट्याला रोज साडेअकरा कॉकटेल रिचवावी लागतील. वैद्यकीय कारण असेल तर फोन करून विचारता येतं, कधी कधी दुसऱ्याला बिनदारूचं रिफ्रेशमेंट पॅकेज घेऊ देतात. पण "बायको घेत नाही" हे काही वैद्यकीय कारण नव्हे.

आणि मंडळी, कुणी कालनिर्णय बघितलंय का? यंदा अधिक महिन्यामुळे श्रावण पुढे गेलाय. 12 ऑगस्टला आषाढ अमावस्या, आपलं जहाज तेव्हा स्कॅगवेला. 13 पासून श्रावण. पॅकेज मात्र अख्ख्या प्रवासाचंच घ्यावं लागतं, गटारीपर्यंतचं मिळत नाही. श्रावण पाळणाऱ्याने चार दिवसांत सात दिवसांचे पैसे फेडायचे तर रोज बरोब्बर दहा कॉकटेल. प्रसाद, तू पाळतोस हे मला तुझ्या आईकडून कळलंय, तेव्हा तुझी वीस.

नितीन, तुझी यादीसुद्धा मांडून बघितली. कॉफी 5, पाणी 3, बिअर 9, दोन कॉकटेल 28, वाइन 13. झाले 58, चार्ज धरून 68 आणि वर काही सेंट. तू भरणार 94. दोघांचे सात दिवसांत 363 डॉलर जास्त. पाणी तर फुकट मिळतं.

– सुनंदा

प्रेषक: नितीन

ताई, तुम्ही सुट्टीवर आहात की ऑडिटवर? आम्ही श्रावण पाळत नाही आणि समुद्रावरच्या दिवशी माझी यादी लांबते, एवढंच सांगतो. शिवाय शेवटच्या दिवशी बिल बघून होणारी भांडणं टळतात, त्याचे 363 मी आनंदाने देईन.

– नितीन

प्रेषक: आप्पा

सर्वांस नमस्कार. दोन प्रश्न. घरची बाटली नेता येते का? आणि चहाचं काय? आमची ही पहाटे पाचला उठते. विजेची किटली बॅगेत टाकली आहे.

– आप्पा

प्रेषक: सुनंदा

आप्पा, किटली आधी बाहेर काढा. जहाजावर चालत नाही, चेकिंगमध्ये काढून घेतात. विंडजॅमरमध्ये, म्हणजे वरच्या बुफेत, गरम पाणी, टी बॅग आणि दूध फुकट असतं. काकूंना आलं-वेलचीची पूड छोट्या डबीत द्या, थर्मास न्या. आणि आदल्या रात्री दारावर कार्ड लावलंत तर कॉन्टिनेंटल ब्रेकफास्टबरोबर चहा खोलीत येतो, त्याचे पैसे नाहीत. प्रसाद, तुझ्या आईबाबांचंही यात भागेल. पहाटे पाचचं मात्र थर्मासवरच काढा.

बाटलीबद्दल: चढण्याच्या दिवशी मोठ्या माणसामागे 750 मिलीची एक वाइन हातातल्या बॅगेतून नेता येते. व्हिस्की, रम नाही. बिसलेरीच्या बाटलीत व्होडका भरून नेण्याची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर ती सिक्युरिटीवाल्यांनी तुमच्या आधी ऐकलेली आहे. बंदरावर विकत घेतलेली बाटलीही ठेवून घेतात आणि शेवटी हातात देतात. सोड्याचे कॅन केबिनमागे बारापर्यंत चालतात, मुलांना दोन-तीन दिवस पुरतील. पुढे लेमनेड फुकट आहेच. सोड्याचं वेगळं पॅकेज मिळतं, त्यात कप देतात आणि मशीनवरून भरत राहायचं. तुझ्या पोरांचा वेग बघता ते घे.

अजून एक. पॅकेज न घेता सुटं प्यायलात तर सहीसाठी पावती येते. तिच्यावर 18 टक्के आधीच छापलेले असतात आणि खाली जादा टिपची रिकामी ओळ असते. आपली माणसं सवयीने तिथेही वीस टक्के लिहितात. मनापासून द्यायची असेल तर जरूर द्या, पण दोनदा देतोय हे माहीत असू द्या.

– सुनंदा

प्रेषक: प्रसाद

ताई, वीस कॉकटेलवाली मेल आईने वाचली, त्यामुळे विषय संपला. दोन वाइन घेऊन चढतो, गटारीला बारमध्ये सुटे पैसे मोजतो. पण 80 चे उद्या 60 झाले तर?

– प्रसाद

प्रेषक: सुनंदा

60 झाले तरी चार्ज धरून जवळजवळ 71, आणि रश्मीचे वेगळे. तुझ्यासाठी नाहीच. नितीनसाठी 60 ला जमेल. नितीन, आत्ता घेतलंस तरी अधूनमधून किंमत बघत जा. जहाज सुटायच्या आधी उतरली तर जुनं रद्द करून नवं घेता येतं, दंड पडत नाही. कन्फर्मेशनची मेल जपून ठेव.

आणि प्रसाद, पेयं राहू देत. जहाज परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. आईबाबा भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा असलेले, म्हणजे कॅनडाचाही व्हिसा लागणार. केलास का अर्ज? नसेल तर आज रात्री बस.

– सुनंदा