आप्पा गोळ्या चुकवतायत, भांडून काय उपयोग होईना

येळ्ळूरवाला:
आमच्या आप्पांना 8 वर्षं शुगर हाय. परवा उपाशीपोटीची 128 आली म्हणून आम्ही खुश, आणि एचबीएवनसी बघितली तर 9.4! घरी येऊन बघतोय तर बंडीच्या खिशात कागदात गुंडाळलेल्या 11 गोळ्या. आई ओरडली, मी पण ओरडलो, तर "मी गेलो की तुमचा ताप सुटंल" म्हणून उठून गोठ्यात गेले. लग्नात कुंद्याचा एक तुकडा उचलला तरी चारजण बघतात, माणूस जेवायलाच नको म्हणतंय आता. कसं समजवायचं?

खानापूरची काकू:
उपाशीपोटीची म्हणजे त्या सकाळचा आकडा रे बाबा, एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब. टेस्टच्या आधी चार दिवस शहाण्यासारखं वागलं की सकाळचा आकडा बरा येतोय, मी पण केलंय. ह्यांनी माझे घास मोजायला सुरुवात केली तेव्हापासून मी डब्यातले लाडू लपून खायला लागले. ओरडणं आधी बंद करा. पण ते "मी गेलो की" हलक्यात घेऊ नका हं, डॉक्टरांच्या कानावर घाला. मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन टेलिमानसचा 14416 नंबर पण हाय, फुकट.

निपाणी मेडिकल:
11 गोळ्या कुठल्या ते बघा. मेटफॉर्मिननं काहीजणांचं पोट बिघडतं, गिऱ्हाईक लाजून सांगत नाही. ग्लिमेपिराइड असली आणि जेवायला उशीर झाला तर साखर खाली जाते, घाम, थरथर, एकदा झालं की माणूस त्या गोळीलाच भितोय.

रानमाणूस:
मेथीचं पाणी द्या, गोळ्या गटारात टाका.

निपाणी मेडिकल:
मेथी खाऊ देत की, पण गोळी मनानं बंद करायची नाही.

येळ्ळूरवाला:
सगळ्या मेटफॉर्मिनच निघाल्या. संध्याकाळी धार काढताना नुसतं विचारलं, कुठल्या दिवशी राहते ओ गोळी? बराच वेळ काय बोलले नाहीत. मग म्हणाले, बेळगावला जायच्या दिवशी. एकदा बसमध्ये पोटात कळ आली, कंडक्टरला सांगायची लाज वाटली, मधेच उतरून शेतात पळाले आणि तसेच चालत घरी आले. दोन वर्षं झाली म्हणे, आईला पण माहीत नव्हतं.

निपाणी मेडिकल:
डॉक्टरांना हेच्च सांगा. मेटफॉर्मिनचीच हळूहळू विरघळणारी एसआर गोळी येते, बऱ्याच जणांना सोसते, जेवणाबरोबर घ्यायची. बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

येळ्ळूरवाला:
सोमवारी नेतोय. बसनं नको म्हणालेत, गाडीवरनं जाणार.