मदत हवी आहे: जुन्या स्पार्क प्लगची भट्टी आणि टेस्टिंग

नमस्कार मंडळी, सिरॅमिकवाले कोणी असाल तर प्लीज सांगा. मी चॅम्पियन या स्पार्क प्लग कंपनीच्या १९२०-३० च्या सुमाराच्या प्लगबद्दल वाचतोय. प्लगचा जो पांढरा इन्सुलेटर (वीज अडवणारा सिरॅमिकचा भाग) असतो ना, त्याचं एक टोक पेटत्या गॅसमध्ये, दुसरं बाहेर वाऱ्यात आणि वरून हजारो व्होल्ट, मग साध्या पोर्सिलेनला तडा जाणारच की! म्हणून यांनी कॅलिफोर्नियात व्हाइट माउंटनला अँडालुसाइट या खनिजाची खाण चालवली, माल खेचरांवर लादून डोंगर उतरवायचे, एवढ्याशा प्लगसाठी हा खटाटोप! भट्टीत १३०० डिग्रीच्या वर गेलं की त्याचं म्युलाइट हे दुसरं खनिज होतं, ते तापून फारसं फुगत नाही, इथपर्यंत कळलं.

आता अडलंय ते असं. जुन्या गोल भट्टीत सेगरचे कोन (ठरावीक तापमानाला मऊ पडणारे छोटे सिरॅमिकचे सुळके) ठेवायचे, कोन मान टाकून वाकला की माल भाजला. पण टनेल भट्टीत गाडे सारखे पुढे सरकत असतात, मग कोन बघायचा कुठून आणि कधी? का तिथे सगळा भरवसा पायरोमीटरवरच (भट्टीचं तापमान मोजणाऱ्या यंत्रावरच)?

दुसरं, लॅबमध्ये इन्सुलेटरचा तुकडा फुक्सिनच्या रंगात प्रेशरखाली ठेवून मग फोडून बघतात, आत गुलाबी झाला की सच्छिद्र, म्हणजे बाद. पण यात पीस तर गेलाच, मग एका लॉटमधले किती फोडायचे हे कसं ठरवायचे? इन्सुलेटर लाइनवर काम केलेलं कोणी आहे का इथे? ढोबळ सांगितलं तरी चालेल.